खोकल्याची नाइट शिफ्ट

खोकल्याला टायमिंग बरोबर कळतं. दिवसभर तो गायब असतो. मीटिंगमध्ये नाही, कँटीनमध्ये नाही, सिग्नलच्या धुरात तर औषधालाही सापडत नाही. रात्री दिवे मालवले, मोबाइल चार्जिंगला लावला, पाठ गादीला टेकली, की हे महाशय ड्युटीवर हजर! मग उठून बसा, पाणी प्या, पुन्हा आडवे व्हा, पुन्हा ढास. शेजारी झोपलेला माणूस आधी काळजीने विचारतो, मग कूस बदलतो आणि तिसऱ्या रात्री उशी उचलून हॉलमध्ये जातो. सकाळी नऊच्या कॉलवर आपला चेहरा बघून बॉस विचारतो, ‘पार्टी जोरात झाली वाटतं?’

कसली पार्टी आणि कसलं काय!

आपल्यापैकी बहुतेकांचा यावरचा उपाय ठरलेला असतो. कोपऱ्यावरचा केमिस्ट, एक बाटली, दोन झाकणं, गुडनाइट. आजचा कॉलम याच सवयीबद्दल आहे. कारण खोकला हा आजार नसतो, ती रखवालदाराची आरोळी असते. रखवालदार ओरडला तर चोर कुठून शिरतोय ते बघायचं असतं, रखवालदाराच्या तोंडावर पट्टी बांधायची नसते. आणि हे मला कुठल्या हेल्थ मॅगझिनने नाही, तर माझ्या आईच्या खोकल्याने शिकवलं.

रात्रीच का?

आधी थोडं सायन्स, घाबरू नका, परीक्षा नाही. आपण उभे किंवा बसलेले असतो तेव्हा नाकातला शेंबूड आणि घशातला कफ नकळत गिळला जातो. आडवे झालो की तोच मागच्या बाजूने घशात साचतो आणि गुदगुल्या करतो. पोटातलं ॲसिडही उभं असताना खालीच राहतं, आडवं झाल्यावर त्याला वर यायला उतार मिळतो. तिसरी गोष्ट शरीराच्या घड्याळाची. सूज आटोक्यात ठेवणारं शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यांत कमी असतं आणि श्वासनलिका पहाटे चारच्या आसपास सगळ्यांत अरुंद. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही, दम्याच्या माणसाला मात्र जाग येते. आणि चौथी गोष्ट म्हणजे आपली बेडरूम. सात-आठ तास आपण एकाच खोलीतली हवा, तीच उशी, तेच पांघरूण नाकाशी घेऊन पडलेले असतो.

गंमत म्हणजे गाढ झोपेत खोकल्याची ऊर्मी दबलेली असते. झोप उथळ झाली, की मगच ढास लागते. म्हणजे रात्रभर खोकणारा माणूस रात्रभर धड झोपलेलाच नसतो. ‘झोपेत खोकतात जरासे’ असं घरचे म्हणतात ना, ते ‘जरासे’ प्रकरण नसतं.

आई म्हणते, उगं जरासा

मी मूळचा धाराशिवचा. एसटीच्या पाटीवर आता धाराशिव आहे, पण जुनी मंडळी अजून सवयीने उस्मानाबादच म्हणतात. गेली बरीच वर्षं मुक्काम पुण्यात. घरी दोन एकर जास्त-कमी शेती, आई-दादा तिकडे, मी इकडे लॅपटॉपला बांधलेला. तुमच्यापैकी निम्म्यांची कुंडली हीच असणार, फक्त गावाचं नाव वेगळं.

आमच्या जिल्ह्यात झोपेला मोठा मान आहे बरं का. तुळजापूरची भवानी आई वर्षातून तीन वेळा मंचकी निद्रा घेते. शारदीय नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रम निद्रा आणि शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. प्रत्यक्ष देवीच्या विश्रांतीचं असं वेळापत्रक ठरलेलं. पण देवी श्रम निद्रेत असते त्याच दिवसांत आमच्या घरातली आई मात्र पहाटे तीनला अंथरुणात उठून बसलेली असायची.

फोनवरचा संवाद ठरलेला.

‘आई, खोकतीयेस का?’

‘काही न्हाई रे, उगं जरासा खोकला हाय. हवा बदलली न्हवं. तू जेवलास का न्हाई?’

विषय संपला! आपल्या आयांना खोकल्यापेक्षा आपल्या जेवणाची जास्त चिंता असते. आणि आपल्यालाही तेवढ्या उत्तरावर समाधान मानायला आवडतं, कारण दहा मिनिटांत स्टँडअप मीटिंग असते. ‘इथून चांगलं सिरप पाठवतो’ म्हटलं की कर्तव्यही पार पडतं.

हॉस्टेलच्या ग्रुपमधला आमचा एक मित्र छातीचा डॉक्टर आहे. त्याला आईबद्दल फोन केला तेव्हा त्याने सिरपचं नाव सांगितलंच नाही. उलट मलाच तीन प्रश्न विचारले. रात्री नेमका किती वाजता खोकला येतो? कुठल्या पोझिशनमध्ये वाढतो आणि कुठल्या पोझिशनमध्ये थांबतो? आणि त्या वेळी घरात, आसपास काय चालू असतं? ‘खोकला कसा वाजतो ते नंतर सांग,’ म्हणाला, ‘आधी कधी, कसा आणि कुठे ते बघ. एक आठवडा वहीत लिहून ठेवायला लाव.’

आईने खरंच लिहिलं, किराणा सामानाच्या वहीच्या मागच्या पानावर. त्या पानाने जे सांगितलं ते तीन वर्षांत कुठल्या बाटलीने सांगितलं नव्हतं.

पहिला प्रश्न : कधी?

आईचा खोकला पहाटे तीन ते चारच्या मधला. कोरडा, छातीत बारीक शिट्टी वाजवणारा. आणि वर्षातून ठरावीक काळात, दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होणारा.

आता धाराशिव जिल्ह्यात दसरा-दिवाळी म्हणजे काय? म्हणजे सोयाबीनची रास. जिल्ह्याच्या खरिपाचं हे मुख्य पीक. काढणी झाली, गंजी लागली, की मळणी यंत्र येतं आणि दिवस-दिवस धुळीचा लोट उठतो. माल घरात किंवा पडवीत येऊन पडतो, पोत्यांवर तीच धूळ, झाडलोट करणारी आई आणि रात्री झोपायची जागा तिथून चार हातांवर.

सोयाबीनच्या धुळीची एक गोष्ट ऐका. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एखाद्या दिवशी अचानक दम्याच्या पेशंटची इमर्जन्सीत रांग लागायची. असे २६ दिवस नोंदले गेले, काही माणसं दगावली. हवामान तपासलं, प्रदूषण तपासलं, धागा सापडेना. शेवटी बंदराचं रजिस्टर उघडल्यावर कळलं, की ज्या दिवशी बोटीतून सोयाबीन उतरवलं जायचं त्याच दिवशी हे घडायचं. तिथल्या कोठारावर धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते आणि सोयाबीनच्या टरफलाची धूळ वाऱ्यावर शहरभर पसरायची. १९८९ मध्ये हे संशोधन छापून आलं. फिल्टर बसवले आणि साथ थांबली. कुणाला सिरप पाजून नाही, धूळ अडवून!

आमच्या पडवीत काही बार्सिलोनाचं बंदर नाही. पण धूळ त्याच दाण्याची आणि दम्याची नळी सगळीकडे सारखीच. मित्राने सांगितलं, की पहाटेचा कोरडा खोकला, ठरावीक सीझन आणि धुळीशी संबंध, हे तिन्ही जुळलं तर दम्याची तपासणी केलीच पाहिजे. दम्यात दरवेळी धाप लागतेच असं नाही, कित्येकांचा दमा फक्त खोकल्याच्या रूपात असतो. सोलापूरला छातीच्या डॉक्टरांकडे आईची फुंकायची टेस्ट झाली, म्हणजे स्पायरोमेट्री. जोरात श्वास घ्या, जोरात नळीत सोडा, एवढंच. आधी एकदा, मग औषधाचा झोत घेऊन पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा आकडा चांगला सुधारला. दमा.

औषध काय? इन्हेलर. आणि इथून खरी लढाई सुरू झाली. ‘पंप लागला म्हणजे शेवटचं झालं,’ असं आत्या म्हणाली. ‘एकदा घेतला की सुटत न्हाई,’ शेजारच्या काकू म्हणाल्या. आईने तो पंप देवघराच्या फळीवर ठेवून दिला, वापरायला नाही, नजरेआड करायला. मग मी तिला एवढंच विचारलं, ‘चष्मा लागला तेव्हा डोळे गेले असं म्हणाली होतीस का?’ इन्हेलरमधलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नळीत जातं, गोळीतलं पोटातून रक्तात आणि सगळ्या अंगभर फिरतं. शिवाय सूज कमी करणारा पंप रोज घ्यायचा असतो, त्रास होईल तेव्हाच नाही, हेही कुणीतरी बसून समजावून सांगावं लागतं. घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. पंपाला पुढे प्लास्टिकची डबी, म्हणजे स्पेसर, लावला की वयस्कर माणसांना सोपं जातं.

आता रास चालू असते तेव्हा आई तोंडाला ओला पंचा बांधते, पोती मागच्या खोलीत जातात आणि ती पुढच्या खोलीत झोपते. वहीचं मागचं पान कोरं आहे.

दुसरा प्रश्न : कसा?

आता आपल्याकडे, म्हणजे शहरातल्या मंडळींकडे येऊ. आपला खोकला बहुतेक वेळा पोझिशनचा असतो.

पाठ टेकल्यावर पाच-दहा मिनिटांत सुरू होतो, घशात काहीतरी ओघळल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावंसं वाटतं? मग तपास नाकाचा. सर्दी, सायनस किंवा ॲलर्जी. पुण्यात तर ॲलर्जीला कारणांची कमतरता नाही. ज्याला आपण गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो, ते भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच पुण्यात, १९५०च्या दशकात. आता ते धाराशिवच्या बांधावरही आहे. अशा वेळी मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून थंड केलेलंच), डोकं थोडं उंच ठेवणं आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे, यांनी काम होतं. घशाच्या सिरपचा इथे संबंधच नाही.

जेवून झोपल्यावर एक-दोन तासांत ढास लागते, तोंडात आंबट येतं, सकाळी आवाज बसलेला असतो? मग तपास पोटाचा. साडेदहाला अमेरिकेचा कॉल संपतो, अकराला बिर्याणीचा डबा दारात आणि साडेअकराला आपण आडवे! ॲसिडने वर यायचं नाही तर करायचं काय? गावाकडे काळ्या तिखटाचं कालवण आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही कमी खात नाही, पण ते जेवण दिवेलागणीनंतर लगेच होतं आणि नंतर अंगणात गप्पा होतात. जेवण आणि झोप यांच्यात तीन तास ठेवा. दोन-तीन उशा रचू नका, त्याने मान वाकते आणि पोट दाबलं जातं. त्यापेक्षा पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजूच सहा-आठ इंच उचला. डाव्या कुशीवर झोपलं तर ॲसिड कमी वर येतं. पैसे शून्य.

आता जपून वाचा. आडवं झालं की खोकला आणि धाप, उठून बसलं की बरं, झोपायला उशा वाढत चालल्यात, पायांवर सूज, बोट दाबलं तर खळगा पडतो. हा खोकला घशाचा नाही, हृदयाचा असू शकतो. हृदय थकलं की फुप्फुसांत पाणी साचतं आणि आडवं झाल्यावर ते जाणवतं. घरात बीपीचे, शुगरचे, जुन्या हार्ट ट्रबलचे पेशंट असतील आणि हे दिसलं, तर पुढच्या वीकेंडची वाट बघायची नाही.

बीपीवरून आठवलं. वडिलांच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ आहे का? एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल? या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, चिवट खोकला लागतो, कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. ते दुसऱ्या गटातली गोळी देतात आणि खोकला काही आठवड्यांत जातो. कित्येक घरांत या एका खोकल्यापायी वर्षभर काढे चालू असतात.

तिसरा प्रश्न : कुठे?

तिसऱ्या प्रश्नासाठी झोपायच्या खोलीत उभं राहून चारी बाजूंना बघायचं.

गावाकडे पहिली संशयित चूल. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली, सिलिंडर घरोघर आले. पण अंघोळीचं पाणी तापवायला आणि भाकरी थापायला तुराट्या आणि गोवऱ्या अजून पेटतातच, कारण त्या फुकट असतात. भूम-वाशीकडे तर खव्याच्या भट्ट्या आहेत. कढईपुढे बसून तासन्‌तास दूध आटवणाऱ्या माणसाने एकही बिडी ओढली नसली तरी त्याच्या छातीने धूर घेतलेलाच असतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडलं. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर चुलीच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. म्हणजे फुप्फुसं कायमची अरुंद करणाऱ्या सीओपीडी या आजाराचं जगातलं सगळ्यांत मोठं कारण चूलही असू शकते. ‘आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही’ हे वाक्य आपल्या आज्यांना लागू पडत नाही.

दुसरी संशयित, डासांची कॉइल. २००३ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. आणि ती आपण खिडक्या लावून, पलंगाखाली, बाळ झोपलेलं असताना लावतो! मच्छरदाणी लावा. दिसायला ओल्ड फॅशन्ड, पण डासालाही नाही म्हणते आणि धुरालाही.

तिसरी संशयित फार जिव्हाळ्याची, आजीची वाकळ. जुन्या लुगड्यांची, हाताने टाके घातलेली, तिच्या उबेला तोड नाही. पण आठ महिने पेटीत पडून थंडीत थेट अंगावर आली, तर तिच्यातले धुळीतले किडे आपल्या नाकाशी रात्रभर मुक्काम करतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण दम्याला आणि सर्दीला पुरेसे असतात. काढल्याबरोबर गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात चांगली वाळवा. उशांचे अभ्रे दर आठवड्याला. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. अशा घरांत भिंतींना ओल धरते, बुरशी येते आणि तिचे कणही असाच खोकला काढतात. तिथे भिंत सुकवणं आणि बुरशी खरवडून काढणं हा औषधाचाच भाग.

शहरातली यादी वेगळी. एसीचा न धुतलेला फिल्टर, शेजारच्या टॉवरचं बांधकाम आणि खिडकीतली कबुतरं. कबुतरांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या कणांनी काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते, वेळीच लक्षात आलं नाही तर ती कडक होत जातात. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला तेव्हा केवढा वाद पेटला ते तुम्ही पाहिलंच असेल. वाद राहू द्या, आपल्या बेडरूमच्या खिडकीला जाळी लावा.

आणि ती बाटली?

आता बाटलीकडे येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली. साध्या सर्दी-खोकल्यासाठी कोल्ड्रिफ नावाचं सिरप घेतलेल्या वीसहून जास्त मुलांची किडनी निकामी होऊन ती गेली. काहींवर नागपुरात उपचार चालू होते. तपासणीत त्या सिरपच्या एका बॅचमध्ये सुमारे ४८ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, म्हणजे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन. महाराष्ट्रातही अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचबद्दल इशारा दिला. आपल्याला हे विष नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला होता. चाळीस वर्षं झाली, विष तेच.

प्रत्येक बाटलीत विष असतं असं मी म्हणत नाही. पण छिंदवाड्यातल्या मुलांना झालेला खोकला बहुधा आठवड्याभरात आपोआप गेला असता, हे विसरता येत नाही. त्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा नकोतच. त्यामुळे भाचीला ‘मोठ्यांचं अर्धं झाकण’ देणं बंद. मागच्या वर्षीची उरलेली बाटली उघडणं बंद. आणि गावाकडे बाटल्या कुरिअर करणं तर एकदम बंद.

आज रात्रीपुरतं

कारण सापडेपर्यंत झोप तर हवी ना? मग हे करून बघा.

मध. झोपण्याआधी एक चमचा, तसाच किंवा कोमट पाण्यात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २००७ मध्ये १०५ मुलांवर झालेल्या अभ्यासात काहींना मध, काहींना खोकला दाबणारं औषध दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. काहीच न दिलेल्यांपेक्षा मधवाली मुलं आणि त्यांचे आईबाप स्पष्टपणे बरे झोपले, औषधाला तेवढं जमलं नाही. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही चाटवायचं नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. शुगर असलेल्यांनी बेताने.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि उशाशी पाण्याचा तांब्या. ढास लागली की एक-एक घोट. जेष्ठमधाचा तुकडा किंवा खडीसाखर मोठ्यांसाठी चालेल, लहानांच्या घशात अडकेल.

वाफ घेतली तर नाक थोडा वेळ मोकळं होतं. पण उकळत्या पाण्याचं पातेलं लहान मुलांपुढे नको, भाजण्याचा धोका फायद्यापेक्षा मोठा.

अडुळसा? आजी अगदीच चुकीची नव्हती. अडुळशातल्या व्हॅसिसीन या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, जे आजही कित्येक सिरपांत असतं. पण कफ पातळ करणं वेगळं आणि खोकल्याचं कारण काढणं वेगळं. काढा घ्या, तपासणी टाळू नका. गरोदर असाल तर अडुळसा नकोच.

आणि वही. सात रात्री, तीन रकाने : कधी, कसा, कुठे. डॉक्टरांकडे जाताना ती घेऊन जा. पाच मिनिटांच्या ओपीडीत तुमच्या तोंडी सांगण्यापेक्षा ते पान जास्त बोलेल.

हे दिसलं तर थांबायचं नाही

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायचीच. संध्याकाळचा ताप, रात्री घामाने अंग भिजणं, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत असतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपयेही मिळतात. आमच्या शेतावर वर्षानुवर्षं येणारे मामा ‘बिडीचा खोकला हाय’ म्हणत होते. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या न चुकता घेतल्या, आता ठणठणीत आहेत. पण तोवर त्यांच्या एका खोलीच्या घरात दोन नातवंडं त्यांच्या कुशीत झोपत होती. त्यांचीही तपासणी करावी लागली. टीबीच्या बाबतीत ‘उगं जरासा खोकला’ हे फक्त खोकणाऱ्याचं प्रकरण नसतं.

लहान मुलाला एकामागून एक उबळ येऊन शेवटी श्वास आत ओढताना ‘हूप’ असा आवाज येत असेल, तर तो डांग्या खोकला असू शकतो. लस पूर्ण झाली नसेल तर आजच दाखवा. ओठ निळसर, बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, छातीत दुखतं, खोकल्यातून रक्त, तर थेट हॉस्पिटल.

आज रात्री घरी फोन कराल तेव्हा ‘खोकला बरा आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी विचारा, ‘काल रात्री किती वाजता उठलीस? झोपल्यावर वाढतो का बसल्यावर? घरात काय चालू आहे सध्या?’ स्टँडअप मीटिंगला दहा मिनिटं उशीर होईल. होऊ दे.